मामाचं पान

डोळ्याच्या डॉक्टरांनी ‘पालथं’ हा शब्द उच्चारला. मामीकडे बघायचं मी टाळलंच. भिंतीवर डोळ्याचं एक भलंमोठं रंगीत चित्र होतं, त्याच्या शिरा न्याहाळत बसले.

‘‘ऑपरेशन सोपं आहे हो आजी,’’ डॉक्टर सांगत होते. पोरसवदा माणूस, पण बोलणं लाघवी. ‘‘तुमच्या डोळ्याच्या पडद्याला बरोबर मधोमध भोक पडलंय. आम्ही आत गॅसचा बुडबुडा सोडणार. बुडबुडा वर चढतो, त्यामुळे तुम्ही तोंड जमिनीकडे ठेवलंत तरच तो भोकावर दाबून बसेल. म्हणजे खरं काम तुमचं. आठवडाभर पालथं झोपायचं. बसलात तरी मान खाली. उताणं अजिबात व्हायचं नाही, झोपेतसुद्धा.’’

‘‘आणि झाले तर?’’ मामीने विचारलं.

‘‘तर भोक बुजणार नाही. आणि हो, गॅस आत असेपर्यंत विमानात बसायचं नाही बरं का. डोळ्यातला दाब वाढतो.’’

मामी हसली. ‘‘मी जन्मात कधी विमानात बसले नाही.’’

डॉक्टरही हसले. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. मला मात्र डोळा वाचेल ना, ही काळजी होतीच. पण तिला बाजूला सारून दुसरीच येऊन बसली होती. आठवडाभर पालथं पडून ही बाई दुसरं काय आठवणार होती?

मी स्वभावानेच काळजीखोर आहे. माझी लेक म्हणते, ‘‘आई, तू सुखाच्या घासातपण खडा शोधतेस.’’ शोधते. पण हे दुखणं मला आजीच्या घरातून मिळालेलं आहे, आणि त्याला कारण माझा मामा.

मामा म्हणजे आईचा सगळ्यांत धाकटा भाऊ. एकाहत्तरच्या लढाईत तो बॉम्बर विमानावर नॅव्हिगेटर होता. वय चोवीस. एका रात्री त्याचं विमान गेलं ते परत आलं नाही. ना विमान सापडलं, ना माणूस. आमच्या घरात मामा ‘गेला’ असं कुणी म्हणत नाही. ‘आला नाही’ म्हणतात. तो अजून यायचा आहे असं धरून माझ्या मामीने अख्खं आयुष्य काढलं.

घर घाटकोपरचं. डोंगराच्या अंगावरच्या चाळीत दीड खोली, आजोबा गिरणीत. डोक्यावरून विमानं जायची, अजूनही जातात. सांताक्रूझला उतरणारी विमानं आमच्यावरून इतकी खाली येतात की बोलणाऱ्याला वाक्य मधेच धरून ठेवावं लागतं. नव्या पाहुण्याला वाटतं, ही माणसं भांडून गप्प झाली. मामा या आवाजाखाली लहानाचा मोठा झाला. अंगाने काडी, गणितात मास्तरांच्या चुका काढणारा. त्याला एकच खोड होती. तो झोपायचा पालथा. आजी मालवणकडची, तिच्या मते पालथं झोपणं म्हणजे अवदसेला आवतण. रात्री उठून ती त्याला उलटा करायची. ‘‘पालथो निजा नको रे झिला, उताणो नीज.’’ तो झोपेतच हूं म्हणायचा आणि तिची पाठ वळली की पुन्हा पालथा.

हवाईदलात निवड झाली तेव्हा चाळीत पेढे वाटले. मग कळलं की हा विमान चालवणार नाही. आजोबांचा चेहरा पडला.

‘‘मग तू करतोस काय?’’

‘‘रस्ता सांगतो, बाबा. नकाशा बघतो, वारा बघतो, पायलटला सांगतो इकडे घे, तिकडे घे. आणि बॉम्ब कधी सोडायचा, तेही मीच सांगतो.’’

आजोबांनी जरा विचार केला. ‘‘म्हणजे क्लीनर,’’ ते म्हणाले. ट्रकवरचा क्लीनर त्यांच्या ओळखीचा होता. त्या दिवसापासून घरात मामाला क्लीनरच म्हणू लागले, आणि तोही मजेत ओ द्यायचा.

एक गोष्ट मात्र त्याने आजीला सांगायला नको होती. बॉम्ब टाकायची वेळ आली की नॅव्हिगेटर आपल्या टेबलापासून उठतो, विमानाच्या पार नाकाडात जातो आणि तिथे काचेला तोंड लावून पालथा पडतो. खाली जमीन सरकत असते, ती बघत पायलटला सांगत राहतो. मामा हे मोठ्या फुशारकीने सांगत होता. आजी तांदूळ निवडत होती. तिने हातातलं सूप खाली ठेवलं.

‘‘थंय पण पालथोच?’’ एवढंच ती म्हणाली.

एकाहत्तरच्याच उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं. मामी मुलुंडची, ठेंगणी, बोलकी, नुकतीच शिक्षिका झालेली. आजीने नव्या सुनेला पहिल्या आठवड्यात काय शिकवावं? देवाधर्माचं नाही, सोलकढीचं नाही. ‘‘तो पालथो निजलो काय उताणो कर गो.’’ मामी हे सांगताना अजून लाजते.

त्या दिवाळीला मामा रजेवर आला होता ते मला लख्ख आठवतं. माझी आई नोकरी करायची, म्हणून मी आजीकडेच असायचे. आठ वर्षांची होते. चाळीच्या मागे डोंगरात एक सपाट कातळ होता. त्याच्या कडेवरून खालच्या वस्तीचे पत्रे दिसायचे. मामा त्या कडेला पालथा पडायचा, मला शेजारी पाडायचा आणि खिशातून चिंचोके काढायचा. मग एक पत्रा ठरवायचा आणि बोट ओलं करून वारा बघायचा. ‘‘मी ‘सोड’ म्हटलं की सोड. आधी नाही, नंतर नाही.’’ चिंचोका पत्र्यावर टण्ण वाजला की आम्ही डोकी खाली घालायचो आणि खालून एक बाई आमच्या नावाने बोटं मोडायची. मामी मागे बसून हसत होती. ‘‘अहो, पुरे आता. मार खाल.’’

मला तेव्हाही धास्तीच. ‘‘मामा, कुणाला लागला तर?’’ मी विचारलं.

तो खाली बघत होता. मग म्हणाला, ‘‘चिंचोका लागत नाही गं.’’

डिसेंबरात लढाई लागली. मुंबईत ब्लॅकआउट. खिडक्यांना काळे कागद, गाड्यांच्या दिव्यांना अर्धा काळा रंग. भोंगा वाजला की चाळीतले दिवे बंद आणि सगळे दाराशी दाटीवाटीने उभे. बाकीच्या पोरांना त्यात मौज वाटायची. मला वाटत नव्हती, कारण आजी अंधारात माझा हात धरून बसायची आणि वरून विमान गेलं की तो आवळायची. आपलं की त्यांचं, हा चाळीचा प्रश्न असायचा. आजी पुटपुटायची, ‘‘कोणाचा पण असूं दे, तेच्यात पण एक पालथो असतलो.’’ माझी बोटं दुखायची, पण हात सोडवून घ्यायची हिंमत नव्हती.

लढाई संपायच्या आत तार आली. बेपत्ता. आजोबांनी तो कागद उलटून मागची बाजू बघितली, पुन्हा पुढची बघितली, आणि कोटाच्या खिशात घालून गिरणीत कामाला निघून गेले. लढाई संपली तेव्हा चाळीत फटाके वाजले. आमच्या दारासमोर मात्र कुणी लावले नाहीत. पुढे कैदी परत आले. त्यांत मामा नव्हता, त्याचा पायलटही नव्हता.

नंतर केव्हातरी त्याच्या तुकडीतला एक मित्र भेटायला आला. चहा घेईना, खुर्चीच्या कडेवर बसून राहिला. बहुधा खालून तोफेचा गोळा लागला असावा, असं म्हणाला. जाताना की येताना, ते सांगता येत नव्हतं. पायलटच्या खुर्चीला खटका असतो. ओढला की खुर्चीसकट माणूस बाहेर फेकला जातो. नॅव्हिगेटरला ती सोय नाही. त्याने पॅराशूट अडकवायचं, दारापर्यंत जायचं आणि उडी मारायची.

‘‘म्हणजे परतीच्या वाटेवर असतील, टेबलाशी बसलेला असेल, तर दार जवळ आहे,’’ मित्र म्हणाला.

‘‘आणि पालथे असतील तर?’’ हे मामीने विचारलं. तोवर ती स्वयंपाकघराच्या दारात नुसती उभी होती.

मित्राने आजोबांकडे बघून उत्तर दिलं. ‘‘मग आधी सरपटत मागे यायचं, मग उठायचं. वेळ लागतो थोडा.’’

‘‘किती?’’

‘‘तरुण माणसाला काय वेळ लागणार, वहिनी,’’ असं म्हणून तो उठलाच.

त्या वाक्यावर आमचं घर तगलं. काम उरकून परत फिरले असतील, बसलेला असेल, दार जवळ होतं. नाहीतर पालथा असेल, पण चटकन उठला असेल. तरुणच तर होता. समुद्रात पडला असेल, कोळ्यांनी काढला असेल. डोक्याला मार लागून घर विसरला असेल. मी शाळेतून आले की आजी आणि मामी भाकरी थापता थापता हेच बोलत असायच्या, आणि रोज एखादी नवी शक्यता निघायची. शेवटी आजीचं ठरलेलं वाक्य, ‘‘तो येतलो.’’

पितृपक्षात आमच्याकडे म्हाळ असतो. घरातून गेलेल्या प्रत्येकाच्या नावाने केळीचं पान वाढायचं, त्यावर वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर, भात. पान उघड्यावर ठेवायचं आणि कावळा शिवला की मग आपण जेवायचं. आजोबा गेले, त्यांचं पान आलं. मामाचं पान आजीने कधी वाढलं नाही. गावच्या एका नातलगाने एकदा सुचवलं की बारा वर्षं होऊन गेली, पळसाच्या पानांचा पुतळा करून तो जाळा, विधी उरकून घ्या, शास्त्रात सोय आहे. आजीने त्याला जेवत्या ताटावरून उठवला. ‘‘जित्या माणसाक जाळूचा? तुझ्या घरातलो जाळ.’’ इतर घरांत कावळा शिवला नाही की जीव टांगणीला लागतो. आमच्या आजीला तो शिवेल याची धास्ती होती, म्हणून तिने पानच वाढलं नाही.

आजीमागे मामीने तेच चालवलं. शाळेत नोकरी, कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. माहेरच्यांनी दुसऱ्या लग्नाचं एकदा काढून बघितलं होतं. ती म्हणाली, ‘‘आणि हे आले तर?’’ संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काही बायकांचं बोट तिच्या कपाळापाशी येऊन घुटमळायचं, लावावं की नको म्हणून. मी मोठी झाल्यावर अशा एकीला भर बैठकीत म्हटलं, ‘‘का हो काकू, करंड्यातलं कुंकू संपलं का?’’ घरी आल्यावर मामी माझ्यावरच चिडली. मला अजूनही वाटतं, मी बोलले ते बरं केलं.

चाळ पाडून टॉवर झाला. मामी सातव्या मजल्यावर गेली, विमानं आणखी जवळ आली. माझा नवरा वारल्यावर मी मुलुंडची जागा सोडून तिच्याकडे राहायला आले. लेक बोरिवलीला असते, सुट्टीच्या दिवशी येते, आम्हा दोघींना ओरडते आणि जाते.

गेल्या उन्हाळ्यात मामीला खिडकीचे गज वाकडे दिसायला लागले. मग एक दिवस माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘तुझे कान दिसतात गं, नाक दिसत नाही.’’ मी हसले. ती हसली नाही. नजरेच्या ऐन मधोमध डाग आला होता. ज्याच्याकडे नीट बघावं तेच नाहीसं व्हायचं. दुसरा डोळा काचबिंदूने केव्हाच गेलेला. म्हणजे होता तो एवढा एकच. तरी ऑपरेशनचं नाव काढलं की ती विषय बदलायची.

मग एका सकाळी ती मला हॉलमधल्या मामाच्या फोटोसमोर उभी दिसली. वर्दीतला फोटो. ती मान तिरकी करून, पुढे होऊन, मागे सरून बघत होती.

‘‘टोपी दिसते,’’ ती म्हणाली. ‘‘खांदे दिसतात. तोंडच दिसत नाही.’’ मग पदराने काच पुसून पुन्हा बघितलं. ‘‘चल, करून टाकू ते ऑपरेशन. उद्या हे आले आणि मी ओळखलंच नाही तर?’’

पंचाहत्तरीची बाई हे बोलत होती. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी म्हटलं, ‘‘चप्पल घाल.’’

त्याच दिवशी डॉक्टरांनी ते ‘पालथं’ सांगितलं. ऑपरेशन नीट पार पडलं. लेकीने कुठूनशी मधे भोक असलेली उशी मागवली होती, चेहरा त्यात घालायचा, म्हणजे श्वास कोंडत नाही. मामीला पालथं घातलं. छातीखाली मऊ गोधडी, घोट्यांखाली लोड. तिच्याशी बोलायचं तर मी तिच्या उशाशी जमिनीवर चटई टाकून बसायचे. चहा नळीने. औषधाचे थेंब घालायचे तरी धास्ती, मान किती वळली, किती नाही. झोपेत ती उलटेल म्हणून तिच्या मनगटाला माझ्या जुन्या ओढणीचं एक टोक बांधायचे, दुसरं माझ्या हाताला. लेक बघून म्हणाली, ‘‘आई, तू वेडी आहेस यार. तिला कॅमेरा लावू का?’’ तिला हसायला काय जातं. माझी आजी रात्री उठून मुलाला उताणा करायची, आणि मी त्याच्या बायकोला उताणी होऊ देत नव्हते.

मामाचा विषय मी कटाक्षाने टाळत होते. तिला भाज्यांचे भाव सांगायचे, लिफ्ट बंद पडल्याचं सांगायचे, सोसायटीतली भांडणं तर पुरवून पुरवून सांगायचे. वरून विमान गेलं की दोघी थांबायचो, गेल्यावर मी घाईने पुढचं बोलायला लागायचे. ती हूं हूं करायची. तिचा चेहरा मला दिसत नव्हता आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती. पूर्वी तिच्या कपाळावरच्या आठीवरून मला सगळं समजायचं. आता समोर नुसती पांढऱ्या केसांची बट आणि मान.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी मी दूध गॅसवर ठेवलं आणि क्षणभर खुर्चीत टेकले. जागरणांनी डोळा लागला. जाग आली ती धडपडीच्या आवाजाने. घरभर करपल्याचा वास, स्वयंपाकघरातून धूर. आणि मामी पलंगावरून अर्धी खाली घसरलेली, गुडघे जमिनीवर, कोपरं गादीत, सगळं अंग थरथरतंय. मान मात्र तशीच खाली. एवढ्या धडपडीतही तिने मान वर केली नव्हती.

मी आधी गॅस बंद केला, मग तिच्याकडे धावले. ‘‘हाक नाही का मारायची!’’

‘‘मारल्या,’’ ती धापा टाकत म्हणाली. ‘‘तू उठेनास. मला वाटलं तुलाच काही झालं. उठायला गेले तर उठवेचना गं. हातांना मुंग्या, मान दगड झालेली. पाय कुठे आहेत तेच समजेना.’’

‘‘डोळा? डोळ्याला काही झालं का? उताणी झालीस का?’’

‘‘नाही गं बाई. जमिनीकडेच होतं तोंड.’’

मी तिचे हात चोळत बसले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, ‘‘पालथ्या माणसाला पटकन उठता येत नाही.’’

मला कळलं ती कशाबद्दल बोलतेय ते. इतके दिवस जे टाळत होते ते शेवटी आलंच. मी घाईघाईने म्हटलं, ‘‘मामी, तू पंचाहत्तरची आहेस. मामा चोवीसचा होता.’’

‘‘हो ना. तो मित्र म्हणाला होता, तरुण माणसाला काय वेळ लागणार.’’ ती जमिनीकडे तोंड करून बोलत होती, आवाज उशीतून आल्यासारखा. ‘‘त्याला काय माहीत? सकाळी यांना उठवायला मला घागरभर पाणी आणायचं बाकी राहायचं. मी उताणं करायचे, हे पुन्हा पालथे. एकदासुद्धा हाकेसरशी उठले नाहीत. मला हे तेव्हाही ठाऊक होतं गं. पण सासूबाई समोर होत्या ना. त्यांच्यासमोर कसं म्हणू?’’

‘‘झोपेतलं वेगळं, कामावरचं वेगळं,’’ मी म्हटलं. मी अजून भांडत होते. आजी नव्हती, मामी सोडून देत होती, आणि मलाच सोडवेना.

‘‘असेल वेगळं. पण खाली बघत असलं की माणसाला बाकीचं कळत नाही. मला धूर आलेला कळायलाच किती वेळ गेला.’’ मग जरा थांबून, ‘‘चल. नीट पालथं कर मला. डोळा जायला नको.’’

मी तिला पुन्हा उशीवर घातलं. ती रडत होती का, ते मला दिसलं नाही. डोळ्यात पाणी आलं तर चालतं का, हे डॉक्टरांना विचारायचं राहून गेलं होतं. त्या भीतीने मी फोन करून विचारलंदेखील. चालतं म्हणाले.

आठवडा संपला. भोक बुजलंय, असं डॉक्टर म्हणाले, पण गॅस विरेपर्यंत धीर धरा. मामीच्या नजरेत पाण्याची पातळी हलल्यासारखी एक रेघ हलायची आणि रोज थोडी खाली उतरायची. ती फोटोच्या वाटेला जाईना. मीही आठवण काढत नव्हते. मनातून मात्र सारखं येत होतं, हिला आता बघायचंच नसेल तर?

श्रावण सरता सरता एका सकाळी तिने मला हॉलमधून हाक मारली. फोटो भिंतीवरून काढून तिने खिडकीपाशी धरला होता.

‘‘दिसतंय,’’ ती म्हणाली.

‘‘तोंड?’’

‘‘सगळं.’’ ती कितीतरी वेळ बघत राहिली. ‘‘केवढंसं पोर आहे गं हे. मिशीपण धड फुटलेली नाही. माझ्या वर्गात पुढे अशी किती मुलं येऊन गेली.’’ तिने बोटाने काचेवरून त्याची मिशी पुसल्यासारखी केली. ‘‘याला मी ‘अहो’ म्हणत आले.’’

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती वळली नाही.

‘‘यंदा म्हाळाला याचं पान वाढायचं,’’ ती म्हणाली.

माझ्या तोंडून एकदम निघालं, ‘‘आजी काय म्हणेल?’’

‘‘त्यांचं पान शेजारीच असेल. काय बोलायचं ते बोलू देत.’’

म्हाळाच्या दिवशी सकाळपासून मी नुसती आतबाहेर करत होते. वडे दोनदा जळले. लेक मुद्दाम रजा टाकून आली होती. ‘‘आई, चिल ना, कावळाच तर आहे,’’ ती म्हणाली आणि माझा चेहरा बघून तिने झारा स्वतःकडे घेतला. कावळा आला नाही तर मामीची आशा पुन्हा उभी राहील, आणि ते मला सोसणार नव्हतं. आला तर सगळं संपणार होतं, आणि ते तरी कुठे सोसणार होतं? मामीने कपाळाला नेहमीसारखं कुंकू लावलं होतं.

आम्ही तिघी गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाक्या, डिशच्या छत्र्या, टाक्यांवर ओळीने बसलेले कावळे. मामीने काळा गॉगल लावला होता. आजोबांचं पान ठेवलं, आजीचं ठेवलं. तिसरं मामीने स्वतः ठेवलं. खाली वाकताना तिने सवयीने मान जरा जास्तच खाली घातली. पाणी फिरवायला मी तांब्या पुढे केला.

तिने तांब्या हातात घ्यायच्या आत कावळा उतरला. आजोबांकडे नाही, आजीकडे नाही. तिसऱ्या पानावर. वडा उचलून उडाला. लगेच दुसरा आला, मग तिसरा. खीर सांडली, भात विस्कटला, बघता बघता पान साफ झालं. बाकीची दोन पानं तशीच होती.

मी मामीकडे बघितलं. इतके दिवस जिच्या चेहऱ्यासाठी मी तळमळत होते तो चेहरा आता समोर होता, आणि माझ्याने बघवेना.

‘‘बघ गं,’’ ती म्हणाली. ‘‘किती भुकेला होता. आणि आपण एवढी वर्षं त्याला उपाशी ठेवला.’’

माझी लेक रडायला लागली होती. मामीने गॉगल काढला, डोळे पुसले आणि रिकामं पान माझ्या हातात दिलं.

‘‘उभी काय राहिलीस? जा, आणखी वडे आण.’’